खारी कणीक

शुरूकने डब्याला हात लावला नाही.

बस्यूनीने डबा तिच्या बाजूला सरकवला, झाकण थोडे सैल करून ठेवले आणि स्वतःचे हात टेबलाखाली घेतले. दर शुक्रवारी हे झाकण तीच काढत असे. आतल्या कणकेला आज कोणते रंग आहेत ते वासावरून ओळखण्याचा तिचा एक खेळ होता. डोळे मिटून ती नाक पुढे करायची. हळद तिला लगेच कळायची, वाळवलेल्या मुलूखियाच्या पाल्याचा गवतासारखा वास कळायचा, आणि गुलाबी रंगासाठी उकळलेल्या करकदेच्या फुलांचा आंबटपणा तर ती डबा उघडण्याआधीच सांगायची. आज मात्र ती परक्या घरी आल्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि आपल्या बुटांकडे पाहत होती.

"नवे दिसतायत," तो म्हणाला.

"ईदचे आहेत."

"चावतात का?"

"थोडे."

इजिप्तमधल्या दमन्हूरच्या त्या युवा केंद्राच्या हॉलमध्ये शुक्रवारी सकाळी टेबल-टेनिसचे टेबल भिंतीशी लावून ठेवत आणि त्या जागी प्लॅस्टिकची लहान टेबले मांडत. प्रत्येक टेबलाशी एक बाप आणि त्याचे मूल. भिंतीलगतच्या बाकांवर आया, मावश्या, आज्या पर्स मांडीवर धरून बसत. मुलांना आणणे आणि तीन तासांनी परत नेणे हे त्यांचे काम. दाराजवळ मॅडम नग्वा नावाची सरकारी निरीक्षक टरबुजाच्या बिया सोलत वही भरीत असे: कोण आले, कोण आले नाही, कोण वेळेआधी निघून गेले. कोर्टाने प्रत्येक बापाला आठवड्याचे तीन तास दिले होते, आणि ते ह्याच हॉलमध्ये घालवायचे होते.

"काय उस्ताद," शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "आज काय शिजतंय तुमच्याकडे? आमच्याकडे आपलं नेहमीचंच, चिप्स आणि मोबाइल."

बस्यूनी हसला. एरवी शुरूक लगेच उत्तर द्यायची, की आज मगर आहे, किंवा आज तुमचंच डोकं करतोय. आज ती बुटाची टाच खुर्चीच्या पायावर घासत राहिली.

तो पीठ मळणारा होता. मालक मुअल्लिम दुसूकीच्या रोट्यांच्या भट्टीत रात्री पीठ, पाणी आणि खमीर यांचा मेळ घालायचा, यंत्राच्या पोटात गोळा फिरू लागला की त्याला बोट लावून पाहायचे, आणि पहाटे पहिल्या रोट्या फुगून बाहेर पडू लागल्या की घरी जाऊन झोपायचे. वीस वर्षांत ह्यापलीकडे त्याने काही केले नव्हते आणि त्याला काही येतही नव्हते. भेटी सुरू झाल्या तेव्हा तो इतर बापांसारखी दुकानातली खेळणी आणीत असे. शुरूक ती हातात घेई, नीट उभी राहून आभार मानी आणि घड्याळाकडे पाही. सात वर्षांची पोर आपल्याशी इतक्या सभ्यपणे वागते हे त्याला सोसवत नसे. ती भांडली असती तर बरे वाटले असते.

मग मागच्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी भट्टीतल्या कामाला उशीर झाला. शुक्रवारची दुकाने अजून उघडली नव्हती. रिकाम्या हाताने जाणे जिवावर आले, म्हणून त्याने स्वतःसाठी विकत आणलेल्या पिठाचा एक गोळा मळला आणि ओल्या फडक्यात बांधून आणला. भट्टीतले पीठ सरकारी, स्वस्त रोटीसाठी आलेले, त्यातली मूठही बाहेर जाऊ द्यायची नाही, हा नियम तो स्वतःहूनच पाळी. पण हाताची सवय अशी, की न कळत त्याने गोळ्यात खमीर घातले होते. पिठात खमीर घालायचे नसते अशी वेळ त्याच्या आयुष्यात कधी आलीच नव्हती.

दोघांनी मिळून एक उंट केला, एक माणूस केला आणि खिडकीशी उन्हात ठेवला. तासाभरात उंट सुजू लागला.

"बाबा, ह्याच्या पोटात बाळ आहे."

"उंटीण आहे मग ती."

"आणि ह्या माणसाच्या पण पोटात आहे."

"तो आमचा मुअल्लिम दुसूकी. त्याला बाळबिळ काही नाही. त्याला रोज कबाब लागतो."

उंटिणीचे पाय हळूहळू पोटात नाहीसे झाले, मान आखडली, आणि शेवटी ती कासवासारखी बसून राहिली. शुरूक इतकी हसली की मॅडम नग्वाने वहीतून मान वर केली. ते हसणे बस्यूनीने त्या दिवशी रस्ताभर तोंडातल्या खडीसाखरेसारखे घोळवत नेले. रात्री त्याने ती चित्रविचित्र जनावरे भट्टीच्या कडेला भाजली आणि पुढच्या शुक्रवारी तिला दिली. ती घरी घेऊन गेली.

तेव्हापासून हेच चालले. मासे, जहाज, मशिदीचा मनोरा. सारेच फुगून तोंडावर पडायचे आणि मग भाजून पुढच्या आठवड्याला तिच्याकडे जायचे.

"मासा खाल्लास का ग?"

"शेपूट खाल्लं."

"आणि उरलेला?"

"संपला," ती म्हणे आणि दुसरीकडे पाही.

तो अधिक विचारत नसे. पण रात्री यंत्राच्या घरघरीत त्याला एक विचार पुन्हा पुन्हा येई. ज्या घरात शुरूक राहत होती ते घर त्यानेच घेतले होते. मूल आईकडे म्हणून घर आईकडे, हे रीतीप्रमाणेच झाले होते, त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण अझ्झाने, त्याच्या आधीच्या बायकोने, नंतर भिंतींना रंग दिला, कपाट विकले, दारामागचा त्याच्या कोटाचा खिळासुद्धा उपटून ते भोक बुजवले, असे शुरूकच एकदा सहज बोलून गेली होती. त्या घरात आता त्याच्या हातची एकही गोष्ट नव्हती. त्याला फार मोठे काही नको होते. मुलीच्या उशाशी, खिडकीत, कुठेतरी कोपऱ्यात आपल्या हातचे काहीतरी असावे आणि ते टिकावे, एवढेच.

"एखादं ठेवशील का तुझ्या खोलीत?" त्याने एकदा विचारले.

"बुरशी येते, बाबा. आणि मुंग्या लागतात."

भट्टीच्या खिडकीशी रोट्या घ्यायला बालवाडीतली एक बाई येत असे. तिला त्याने लाजत लाजत विचारले. ती म्हणाली, "खमीर कशाला घालता? पिठाच्या निम्मं मीठ घाला, चमचाभर तेल घाला, मंद आचेवर वाळवा. दगड होईल दगड. आमच्याकडे मुलं करतात, वर्षानुवर्षं राहतं."

पिठाच्या निम्मे मीठ. रोट्या शेकणारा अशरी त्या रात्री त्याच्या हातातले पातेले पाहून थबकला.

"हे काय चाललंय, बस्यूनी? पोरीला बाहुली देतोयस की ममी बनवतोयस? एवढं मीठ तर फेरोला पण लागलं नसेल."

"टिकायला पाहिजे."

"टिकेल की. खाणार कोण?"

"खायचं नाहीये ते."

अशरीचे हसणे ओसरले. दुसूकीच्या भट्टीत कणकेचा लहानसा गोळा जमिनीवर पडला तरी माणसे तो उचलून ओठांना आणि कपाळाला लावीत आणि पायाखाली येणार नाही अशा उंच जागी ठेवीत. शिळ्या रोटीचा तुकडाही कचऱ्यात जात नसे. कोंबड्या असत, कबुतरे असत, कुणी ना कुणी खाणारे असे. कुणीच खाऊ शकणार नाही असे अन्न जाणूनबुजून करणे बस्यूनीच्याही हाताला पटत नव्हते. मीठ ओतताना तो दर वेळी तोंडातल्या तोंडात क्षमा मागत असे. पण ओतत असे.

आणि ती कणीक खरोखरच शहाणी निघाली. जिथे ठेवाल तिथे राहायची, फुगायची नाही, वाकायची नाही. शुरूकच्या चिमुकल्या बोटांचे ठसेसुद्धा जसेच्या तसे वाळायचे. हिवाळा संपल्यापासून दोघांनी तिच्यात एक अख्खे घर उभे केले होते: पलंग, किटली, कपडे धुण्याच्या निळीने रंगवलेले दार, हळदीचा दिवा. शेवटी शुरूकने माणसे केली. आईला तिने आतल्या खोलीत बसवले, तेताला, म्हणजे आजीला, स्वयंपाकघरात, आणि त्याला बाल्कनीत.

"मी बाल्कनीत का?"

"तू सिगारेट ओढतोस म्हणून."

"सोडली की मी."

"मग दार लोटून ठेवते. बंद नाही करत."

एकेक वस्तू वाळवून तो तिला देत गेला. "खायचं नाही हं हे," तो दर वेळी सांगे, "फार खारट आहे." ती मान हलवून कागदात गुंडाळलेली पुडी पिशवीत ठेवी. ते घर आता तिच्या खोलीत कसे मांडलेले असेल याचे चित्र तो मनात रंगवीत असे. त्याच्या मनात पलंग खिडकीकडे असे.

गेला शुक्रवार ईदच्या सुटीत गेला, भेट झाली नव्हती. आज पंधरा दिवसांनी ती समोर होती, आणि डबा तसाच पडला होता.

"आज नको का खेळायला?"

"नको."

"बरं. नुसतं बोलू या."

तिच्या बोटांकडे त्याचे आता लक्ष गेले. नखे कुरतडून कुरतडून कडा लाल झाल्या होत्या. चेहरा ओढलेला होता. ईदनंतर मुलांचे गाल असतात तसे तिचे नव्हते. त्याने खिशातून काहक काढून पुढे केला, पिठीसाखरेत घोळलेला ईदचा तो बिस्किटासारखा लाडू तिला एरवी फार आवडे. तिने तोंड फिरवले.

"तेता म्हणते सारखं खा, खा. मला गिळता येत नाही."

"घसा दुखतोय का?"

"नाही." नख कुरतडत ती म्हणाली, "बाबा, सुक्कर मेली."

"कोण सुक्कर?"

तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, आश्चर्य होते. सुक्कर कोण हे जगात कुणाला माहीत नसेल असे तिला वाटले नव्हते.

"बदक. सुक्कर आणि किश्ता माझ्या होत्या. बाकीच्यांना नावं नव्हती. सगळ्याच मेल्या."

"आपल्याकडे बदकं आहेत?" तो म्हणाला, आणि 'आपल्याकडे' हा शब्द तोंडातून गेल्यावर त्याला ऐकू आला.

"तेताची. गच्चीवर."

तेता म्हणजे हाज्जा इन्शिराह, अझ्झाची आई. ती आता समोरच्या बाकावर गुडघे चोळत बसली होती आणि त्यांच्याकडेच पाहत होती. दीड वर्षाच्या शुक्रवारांत शुरूकने बदकांचा उल्लेख कधी केला नव्हता, की त्याने विचारले नव्हते, ते त्याला आठवेना.

"कशाने मेल्या?"

तिने तुटक तुटक सांगितले. ईदच्या साफसफाईत आईला पलंगाखाली बुटांचे खोके सापडले. त्यात ते सगळे होते: पलंग, किटली, निळे दार, माणसे. आई म्हणाली, हा कचरा घरात नको. तेता म्हणाली, कचरा कसा, पिठाचं आहे ते, पीठ टाकायचं नसतं, बदकांना दे. आधीचे उंट आणि मासे पण बदकांनाच द्यायचो ना आपण.

"म्हणजे ते तू खात नव्हतीस?"

"थोडं खायचे. मग तेता म्हणायची, शिळं झालं, वर नेऊन टाक. त्यांना फार आवडायचं, बाबा. उंट तर त्या भांडून खायच्या." बोलता बोलता ती थांबली. "हे पण तसंच असेल असं वाटलं मला."

तिने खोके ठेवले होते. पलंगाखाली, बुटांच्या खोक्यात. त्या घरात त्याचे काहीतरी इतके आठवडे होते, तिने ते लपवून जपले होते. आणि हे सुख छातीत पुरते पसरायच्या आत पुढचे सारे त्याला दिसले. पिठाच्या निम्मे मीठ.

"कडक होतं म्हणून मी भिजवलं," ती सांगत होती. "मोठ्या तसराळ्यात. सगळं. मग चमच्याने कालवलं."

"मग?"

"मग त्यांनी सगळं खाल्लं. आणि पाणी प्यायल्या. टब रिकामा केला, मी परत भरला, परत रिकामा. नंतर मान वाकडी करून चालायला लागल्या. तेता हसली आधी. म्हणाली, बघ, लग्नात नाचतायत. मग त्या पडल्या."

ती आवाज न चढवता, शाळेत उत्तर द्यावे तशी बोलत होती.

"तू मला सांगितलं होतंस खारट आहे म्हणून. मी विसरले नव्हते. मला वाटलं, भिजवलं की मीठ जातं. तेता खारे मासे भिजवते ना, तसं." तिची बोटे पुन्हा तोंडाकडे गेली. "तेता तुझ्यावरच ओरडते. मला कुणी काही बोललं नाही. पण भिजवलं मी. माझ्यामुळे मेल्या ना?"

हॉलमध्ये कुणाचे तरी मूल चेंडू आपटत होते. बस्यूनीने उत्तर शोधले. 'तुझा दोष नाही' असे म्हणता आले असते. मोठी माणसे म्हणतात, मुले ऐकून घेतात, आणि रात्री पुन्हा जागी राहतात. 'तेताने सांगितलं म्हणून तू दिलंस' असे म्हणता आले असते. 'मीठ मी घातलं' असेही, आणि ते खरेही होते. पण ह्या मिठाबद्दल त्याने तिला सांगून ठेवले होते आणि तिला ते आठवत होते. कोणत्याही वाटेने गेले तरी खरे त्या तसराळ्यातल्या चमच्यापाशीच येऊन थांबत होते, आणि चमचा तिच्या हातात होता.

"नाही," तो म्हणाला. "मिठाने नाही मेल्या."

"मग?"

"त्यात दुसरं काहीतरी होतं. मी तुला सांगितलं नव्हतं." मुंग्यांचे नाव त्याच्या ओठांवर आले, ते त्याने मागे घेतले, मुंग्यांचे तिनेच एकदा सांगितले होते, मग विष तिच्या सांगण्यावरून घातले असे तिला वाटले असते. "माझ्या खोलीत उंदीर आहेत. रात्रभर वाळत ठेवावं लागतं, ते कुरतडतात. म्हणून मी उंदरांचं औषध मिसळलं होतं."

"विष?"

"थोडंसं."

"मग भिजवलं नसतं तरी?"

"तरी मेल्या असत्या. तू दिलं काय, तेताने दिलं काय, कुणीही दिलं काय."

तिने श्वास घेतला. तो श्वास किती खोल गेला ते त्याला तिच्या फ्रॉकच्या गळ्याशी दिसले. खांदे उतरले, तोंडातले बोट खाली आले, चेहऱ्यावर आज पहिल्यांदाच लहान मुलाचा रंग आला. आणि मग त्याच चेहऱ्यावर, सकाळी पडद्यामागून ऊन यावे तसा सावकाश, राग आला.

"तू मला ते हातात घ्यायला दिलंस."

"हो."

"मी बोट चाटलं असतं तर?"

हे त्याने योजले नव्हते. "माझं लक्ष होतं," तो म्हणाला.

"नव्हतं. तू तुझं दार करत बसला होतास." ती उठली. खुर्ची मागे सरली. नवे बूट चावत असतानाही ती भरभर चालत बाकाशी गेली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तेता, मी नाही मारलं. बाबाने विष घातलं होतं त्यात."

शेजारच्या माणसाने आपली खुर्ची, आणि मग आपल्या मुलाची खुर्ची, थोडी पलीकडे ओढून घेतली. मॅडम नग्वाने बियांची साले कागदात गुंडाळली आणि उठून आली. तिच्या मागे हाज्जा, आणि हाज्जाच्या झग्याची बाही घट्ट धरून शुरूक.

"उस्ताद बस्यूनी, मुलगी काय म्हणतेय?"

"खरं म्हणतेय."

"नीट विचार करून बोला. तुम्ही बोललात की मला लिहावं लागतं, आणि लिहिलेलं मग माझ्या हातात राहत नाही." ती जरा वाकली, आवाज उतरवला. "सकाळी हाज्जा तर मिठाचं सांगत होत्या. मिठाने झालं असेल तर तो अपघात. तसं असेल तर तसं म्हणा, आणि विषय संपवा."

वाट उघडी होती. मॅडम नग्वाने स्वतः दार लोटून धरले होते. हाज्जाच्या कोपराआडून दोन डोळे त्याच्याकडे पाहत होते, आणि त्या डोळ्यांत रागाच्या खाली जुनी भीती अजून जागी होती. तो काय म्हणतो याची ती वाट पाहत होती.

"मिठाने काय होतंय," बस्यूनी म्हणाला. "मीठ तर आपण सगळेच खातो. उंदरांचं औषध होतं. मी घातलं."

"कुठलं औषध?" हाज्जाने विचारले.

"पांढरं."

"घेतलंस कुठून?"

"बाजारातून."

"नाव काय त्याचं?"

त्याला नाव सुचेना. उंदरांचे औषध त्याने कधी विकत घेतलेच नव्हते. भट्टीत मांजर होते. हाज्जा इन्शिराहने जन्मभर बदके पाळली होती. मीठ खाऊन मेलेले पाखरू कसे दिसते, त्याची मान कशी पडते, हे तिला या हॉलमधल्या कुणाहीपेक्षा ठाऊक असणार. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली; चेहऱ्याकडे नव्हे, टेबलावरच्या त्याच्या हातांकडे. तिने तोंड उघडले, आणि मिटले. दर शुक्रवारी दुखऱ्या गुडघ्यांनी ह्या बाकावर येऊन बसणे तिला जड जात होते, आणि अझ्झाला हे शुक्रवार नकोच होते. मॅडम नग्वाने तिच्याकडे वळून विचारले, "तुम्हाला काही सांगायचंय, हाज्जा?"

"मी काय सांगू, बाई," हाज्जा म्हणाली. "स्वतःच्या तोंडानेच कबूल केलंय त्याने."

मॅडम नग्वा उभ्या उभ्या लिहीत होती. लिहिता लिहिता तिने एकदा थांबून त्याच्याकडे पाहिले, पुन्हा खाली पाहिले. "पुढच्या शुक्रवारी येऊ नका," ती म्हणाली. "कोर्टाकडून कळेल काय ते. मला वाटत नाही लवकर कळेल."

"बरं."

"चल, पोरी," हाज्जा म्हणाली.

तो उठला नाही. उठला असता तर तिला जवळ घ्यावेसे वाटले असते, आणि आता तसे करता येत नव्हते. "शुरूक," तो म्हणाला, "बुटांत थोडा कापूस घाल. टाचेला." आजीची बाही सोडून ती पुढे चालू लागली. लहान मूल चालते तशी ती चालत होती, जिना दिसला की धावणारी.

त्याच्या टेबलाजवळच्या खिडकीतून केंद्राचे फाटक दिसत असे. फाटकाबाहेर तीळ लावलेली रोटीची कडी विकणारा उभा असे. हाज्जा त्याच्यापाशी थांबली. शुरूकने हात पुढे केला. हाज्जाने एक कडे तिच्या मनगटात अडकवले, दुसरे तिच्या हाती दिले. तिने मोठा घास तोडला. चावता चावता ती काहीतरी बोलत होती, आजीला काहीतरी विचारत होती, आणि गाल दोन्ही बाजूंनी भरलेले होते. तिने गिळले. मग दुसरा घास तोडला. गाढवगाडीच्या आड त्या दोघी दिसेनाशा झाल्या तेव्हा मनगटातले कडेही तिने अर्धे संपवले होते.

मॅडम नग्वा जागेवर जाऊन बसली होती. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाली, "उस्ताद, तुम्ही गेलात तरी चालेल आता."

"वेळ संपलीय का?"

"वेळ आहे. पण मुलगी गेली."

"मग बसतो थोडा."

बस्यूनीने डब्याचे झाकण नीट बसवले, डबा मांडीवर घेतला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिला. चेंडू आपटणारे मूल गेले. एकेक टेबल रिकामे होत गेले, आया मुलांना हाका मारीत आल्या, बापांनी पालथे हात डोळ्यांवर फिरवून जांभया दिल्यासारखे केले आणि निघून गेले. शिपाई झाडू घेऊन आला. एका टोकापासून त्याने खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवायला सुरुवात केली. बस्यूनीच्या टेबलापाशी आल्यावर त्याने समोरची लहान खुर्ची उचलली, बस्यूनीकडे पाहिले आणि काही न विचारता टेबलाखालून झाडू फिरवला. बस्यूनीने पाय वर घेतले.